एकोणचाळिसाव्या मिनिटाचा आवाज

आमचा पिक्चर वाईट होता, हे आधीच सांगून टाकतो. बघणाऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि त्यांची भाषा माझ्याइतकी सभ्य नव्हती. "भूत कमी, मच्छर जास्त दिसले." "कॅमेरा धरणाऱ्याले दवाखान्यात न्या, हात थरथरून राहिले त्याचे." "अर्धा तास नुसते पळून राहिले. कोणाला भिऊन, ते तरी सांगा."

आम्ही चौघे मित्र. नागपूरच्या मिहानमधल्या एकाच कंपनीत नोकरीला, शनिवार-रविवार मोकळे, आणि आपण सिनेमावालेच व्हायचो, चुकून इथं येऊन पडलो, असा चौघांचाही समज. एकानं गोष्ट रचली: तीन पोरं कामठीकडच्या एका बंद जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, शिरतात, परत येत नाहीत, आणि पुढे त्यांचा कॅमेरा तेवढा सापडतो. त्या कॅमेऱ्यात जे निघतं तोच पिक्चर. या प्रकारात चित्र हललं, अंधारं आलं तरी चालतं, उलट तेच खरं वाटतं. खिशात दमडी नसलेल्यांसाठी फारच सोयीचं. आवाजाचं काम माझ्याकडे होतं.

गाडी अडली ती भुतापाशी. भूत दाखवायचं नव्हतं, नुसतं रडताना ऐकू येणार होतं. ऑफिसमधली एक मैत्रीण तयार झाली. बिचारी तीन रविवार रडली, पण दर वेळी शिंक अडकल्यासारखा आवाज यायचा आणि शेवटी तिलाच हसू फुटायचं. तेव्हा मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे आहे.

माझ्याकडे मोठ्या आईचा आवाज होता. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती कामठीला राहते, मोठे बाबा तिथं पॉवरलूमवर होते. आमच्याकडे मयतीत जुन्या बायका हेल काढून रडतात आणि रडता रडता गेलेल्या माणसाशी बोलतात. त्याचं खाणं-पिणं, हौस, राग, सगळं त्या बोलण्यात येतं. हे मोठ्या आईसारखं आमच्या नात्यागोत्यात कोणालाच जमत नसे. ती येईपर्यंत बाकीच्या नुसत्या मुसमुसत बसायच्या. तिनं दारातून आत येऊन हाक मारली, की बाहेर उभ्या पुरुषांच्याही माना खाली जायच्या. एखाद्या चिक्कू माणसाचा चिक्कूपणासुद्धा ती अशी सांगायची, की ऐकणाऱ्याला त्याची माया वाटावी.

मोठे बाबा गेले तेव्हा तिची मुलगी बंगलोरला होती. तिचं विमान संध्याकाळचं आणि मयत दुपारी न्यायची. व्हिडिओ कॉल सारखा तुटत होता. शेवटी ती म्हणाली, "दादा, रेकॉर्ड करून पाठव. आईचं बोलणं तरी मले आयकू दे." मी मोठ्या आईसमोर बसून फोन धरला. तिनं एकदा फोनकडे पाहिलं, लेकीसाठी आहे हे तिला समजलं, आणि ती बोलत राहिली. मोठ्या बाबांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि ते रोज चहाच्या वेळी तिच्याशी भांडायचे. तेच ती त्यांना सांगत होती. "एक चमचा टाकून देली असती तं काय झालं असतं, काहून हात आखडला मीनं."

हा आवाज मी पिक्चरला दिला. वेग कमी केला, घुमवला, मागे पत्रा वाजल्याचा आवाज टाकला. हे सगळं करताना माझा हात एकदाही थांबला नाही. मजा येत होती. आज लाज वाटते ती या मजेची जास्त वाटते.

पिक्चर इंटरनेटवर टाकला आणि वर सांगितल्याप्रमाणे लोकांनी आमची धुलाई केली. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं. "पिक्चर बकवास, पण एकोणचाळिसाव्या मिनिटाला तो आवाज आला आन् हेडफोन काढून फेकला." "अंगावर काटा आला राव." "हे मंत्र कोणत्या भाषेतले आहेत?" "ही बाई कोण? पुढच्या पिक्चरमध्ये हिलाच घ्या." साखरेच्या एका चमच्याला लोक मंत्र समजत होते, आणि मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून ते मित्रांना वाचून दाखवत होतो. एवढंच नाही. एका कौतुकाखाली मी स्वतःच्या नावानं लिहिलं, "धन्यवाद. आवाजाचं काम माझं आहे."

कोणीतरी तेवढा तुकडा कापून वेगळा टाकला. मग लोक झोपलेल्या भावाच्या, जेवणाऱ्या मित्राच्या कानाशी तो लावून त्यांची दचकलेली तोंडं दाखवू लागले. फिरत फिरत तो कामठीला पोचला. मोठ्या आईच्या शेजारणीच्या सुनेनं तो तिला ऐकवला आणि विचारलं, "मोठ्याई, हा तुमचाच आवाज होय ना?"

मी गेलो तेव्हा ती ओसरीत डाळ निवडत होती. म्हणाली, "त्या पिक्चरात माहा आवाज तू देला काय गा?"

मी हो म्हटलं आणि लगेच, तिनं काही बोलायच्या आत, फोन काढला. "पाहा तं किती लोकाइले आवडला," असं म्हणून एकेक मत वाचायला लागलो. लहान मूल पडलं की त्याच्या हातात खाऊ देतात, तसं मी तिचं करत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "सगळे भेव वाटलं म्हणून राहिले."

"हो, म्हणजे चांगलंच म्हणतेत ते. भेव वाटलं तं काम चांगलं."

"तुहे मोठे बाबा मेले होते गा," ती म्हणाली आणि पुन्हा डाळीतले खडे वेचू लागली.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहा केला, माझ्या कपात नेहमीसारखी साखर जास्त टाकली. निघताना मी पायात चपला घालता घालता "चुकलं माझं" म्हणालो. माफी मागायची ती धड बसूनही मागितली नाही. ती म्हणाली, "जाय, बस निंगून जाईन तुही."

मी मित्राच्या मागे लागून पिक्चर काढायला लावला. "अबे, तेवढंच तं चांगलं होतं आपल्या पिक्चरमध्ये," तो कुरकुरला, पण काढला. कापलेला तुकडा मात्र कोणाच्याच हातात राहिला नव्हता. तो अजूनही फिरतो आहे.

मागच्या हिवाळ्यात माझे वडील गेले. जरीपटक्याच्या आमच्या घरात सकाळपासून माणसं जमली. मोठी आई आली तेव्हा बायकांनी तिला वाट करून दिली. वडील सात वर्षांचे असताना ती सून म्हणून आमच्या घरात आली होती. त्यांना न्हाऊ घालून शाळेत पोचवणारी तीच. माझ्या आईपेक्षा ती त्यांना जास्त वर्षं ओळखत होती. ती पायांशी बसली. सगळे थांबले. मीही थांबलो, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी तिचा आवाज हवा होता. मला रडू येत नव्हतं, तिच्यामुळे येईल असं वाटत होतं.

तिनं तोंड उघडलं. मग तिची नजर माझ्याकडे आली. माझ्या हातात फोन होता. नातेवाइकांना घाटाचा पत्ता पाठवत होतो, दुसरं काही नाही. मी तो घाईघाईनं खिशात घातला, पण तोवर तिनं पदर तोंडात कोंबला होता.

"बोल ना वं बाई, बोल काही," आत्या तिला हलवून म्हणाली. ती मान हलवत राहिली. तिचे खांदे हलत होते आणि आवाज अजिबात येत नव्हता. शेवटी पुरुषांनी उशीर होतो म्हणून सांगितलं आणि आम्ही वडिलांना उचललं.

दहावा झाल्यावर ती कामठीला परत निघाली. ऑटोच्या स्टँडपर्यंत तिची पिशवी घेऊन मी गेलो. रस्ताभर हिंमत गोळा करून शेवटी विचारलं, "मोठ्याई, त्या दिवशी काहून नाही बोलली?"

"तोंडापर्यंत आलं होतं," ती म्हणाली. "मंग मलेच माह्या आवाजाचं भेव वाटलं."

मी म्हटलं, आता सांग, मी ऐकतो, फोन घरी ठेवून आलो आहे. तिला माझी कीव आली असावी.

"भाऊजीसाठी बहुत होतं माह्याजवळ," ती म्हणाली. "पण ते त्याइलेच सांगाचं होतं."

ऑटोत एक जागा रिकामी होती. ती चढून बसली आणि मी पिशवी तिच्या मांडीवर दिली.