टेलेक्सचे दात आणि अण्णांचा चष्मा

आमच्या टेलेक्स विभागात माणसं दोनच, अण्णा मेकॅनिक आणि मी. तरी किस्से इतके साचलेत की त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर घालावं लागेल. मी कॉलेजला लाथ मारून टेंपररी लागलेलो. अण्णा रिटायरमेंटला आलेले, हट्टी, आणि डोळ्यांनी जवळजवळ अधू. चष्मा कायम खिशात. तो लावताना साहेबांनी बघितलं तर बाहेरची कामं बंद होतील, ही धास्ती.

सोलापुरात ज्याला टेलेक्स, म्हणजे तारेवरून टाइप केलेले निरोप गावोगाव पोचवणारं मशीन मिळायचं, त्याच्या मशीनच्या पोटात एक दातेरी ड्रम असायचा. पकडीने ठरावीक दात मोडले की मशीनला नाव मिळायचं. पलीकडच्याने ‘कोण?’ हे बटण दाबलं की मशीन आपलं नाव आपणच टाइप करायचं. चुकीचा दात मोडला, तर ड्रम बाद!

एका चादरवाल्या अप्पांना त्या नावात वडील हवे होते, थोरले भाऊ हवे होते, वर कुलदैवतही. अक्षरं मोजकीच बसतात, हे मी तीनदा सांगितलं. शेवटी अण्णा म्हणाले, “अप्पा, ही मशीन हाय, लग्नपत्रिका न्हाय.”

त्याच अप्पांच्या दिवाणजींनी एका रविवारी ऑफिस उघडलं, तर कुणी हात न लावता मशीन खडखडत नाव सांगतंय. बिचारे हात जोडून उभे! मुंबईहून कुणीतरी बटण दाबलं असेल, असं अण्णांनी त्यांना समजावलं आणि माझ्याकडे वळले. “बघ लेका. इचारलं तेवढंच बोलती. तुझ्यासारखी न्हाय.”

रोज सकाळी प्रत्येक लाइनचे कॉल मोजणाऱ्या काउंटरवरचे आकडे बिलासाठी रजिस्टरात उतरवायचे. अण्णांना ते दिसायचेच नाहीत. कालच्या आकड्यात अंदाजाने भर टाकायचे. एका गिरणीत संप, गेटला कुलूप, आणि आमच्या रजिस्टरात तिचे कॉल रोज वाढतायत! मी अण्णांना तोंडावर खोटारडे म्हटलं.

“संप कामगारांचा हाय. मशीनचा कुटं हाय?”

दुसऱ्या दिवसापासून आकडे मी लिहू लागलो, सही त्यांची.

मग एकदा माझ्याच हातून चुकीचा दात मोडला. पुण्याहून साहेब चौकशीला आले. टेंपररी माणसाला घरी पाठवायला एवढं पुरे होतं, आणि घरी वडील तर मी कधी तोंडावर पडतो याचीच वाट बघत होते. साहेबांनी ड्रम टेबलावर ठेवला आणि कुणी मोडला म्हणून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि साहेबांसमोर डोळ्यांवर चढवला.

“मी मोडला, सायेब. मला दिसत न्हाय.”