औशातलं पिंप आणि गयाबाईची चिंच

मावशीचा फोन आला तेव्हा मी नांदेडात घरी बसून क्लासवाल्यांसाठी केमिस्ट्रीचे प्रश्न काढून राहिले होते. चार पर्याय, एक बरोबर. माझं त्यावरच भागतं. सुधामावशी औशाच्या एका ज्युनियर कॉलेजात बत्तीस वर्षं प्रॅक्टिकल घेत होती. आता ती रिटायर झाली अन् प्रयोगशाळेत क्लासची बाकं येणार होती. ती म्हणाली, "रविवारी पाचला किल्ली द्यायचीय. त्याआधी पिंप रिकामं व्हायला पाहिजे. जुने कपडे घालून ये."

तुम्हाला जायचं असेल तर नांदेड-लातूर एसटी लोहा, अहमदपूर करत जाते, चार तास धरा. अहमदपूरच्या स्टँडवर भजी तेलातून निघताना दिसली तरच घ्या. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर धपाट्यांचा डबा धरून बसली होती. कंडक्टर ओळखीचा निघाला. पोरगी काय म्हणते, त्यानं विचारलं. लातुरात नीटची परीक्षा रिपीट करून राहिली, बाई म्हणाली. "मग तुमीबी रिपीटच की. दर रविवारी हाच डबा, हीच सीट." बाई हसली, अन् डबा अजून जवळ घेतला.

लातुरात भिंतीभिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो. तिथून औसा अर्धा-पाऊण तास. मावशीनं सुशीला करून ठेवली होती, चुरमुऱ्यांची, वर भरपूर दाण्याचं कूट. ती खाऊन आम्ही कॉलेज गाठलं.

पिंपाची गोष्ट अशी. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे इथल्या रॅकवरच्या बाटल्या खाली आल्या. ॲसिड मोरीतून मागच्या नालीत गेलं, नालीतून शेजारच्या गयाबाईच्या आडात. आडाकाठचं लिंबाचं झाड वाळलं, पाणी कितीतरी दिवस कुणी तोंडात घेतलं नाही. तालुक्यात माणसं गेली होती, तिथं आडाचं काय बोलायचं म्हणून गयाबाई गप्प राहिली. तिचं ते गप्प राहणं मावशीला लागलं. तिनं फुटलेल्या ओट्याच्या पांढऱ्या फरशीचे तुकडे गोळा केले अन् पोरांना त्या तुकड्यांवर थेंबाथेंबात प्रयोग करायला लावले. परीक्षानळीभर लागायचं ते दोन थेंबांत भागायला लागलं. धुवण पिंपात साठवायचं, चुन्यानं त्यातलं ॲसिड मारायचं, वर जास्वंदीच्या रसाचा कागद बुडवून बघायचा. कागद लाल तर ॲसिड, हिरवा तर चुना जास्त, जांभळट राहिला तरच नालीत सोडायचं. तिच्याकडून एकदाही चूक झाली नव्हती.

चूक मी केली. चार वाजले होते, क्लासची पोरं टेस्टसाठी दाराशी येऊन उभी होती. क्लासचे सर दोनदा सांगून गेले होते की मॅडम, नालीत ओता, मागून दोन बादल्या पाणी, खतम. मावशी चमच्यानं चुना टाकत होती. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी चुन्याचं अख्खं तसराळं पिंपात उलटं केलं. कागद हिरवागार.

मी म्हणाले, जाऊ दे ना मावशी, चुनाच आहे.

ती रागावली नाही. पदरानं हात पुसत म्हणाली, "तेव्हाबी नुसतं ॲसिडच होतं गं."

आता ॲसिड पाहिजे, अन् ते तर सगळं आम्हीच संपवलेलं. मावशी कुंपणाकडं चालू लागली. पलीकडं गयाबाई अंगणात चिंचा फोडत बसली होती. लातूरच्या बाजारात जाणाऱ्या चिंचेचा ढीग होता समोर. किती पाहिजे, तिनं विचारलं. किलोभर. "मास्तरीण बाई, सांबार करून राहिल्या की काय पिंपात?" असं म्हणत तिनं मापून न बघताच सूप भरून दिलं.

चुन्याचा गाळ खाली बसू दिला अन् वरच्या पाण्यात चिंचेचा कोळ थोडा थोडा घातला. पोरं आत सरकली होती. एक मुलगी टेस्टचं पुस्तक छातीशी धरून अगदी जवळ आली. हिरवा कागद पुसट होत गेला, मग जांभळट झाला.

"मॅडम, हे खरंच असं होतं?" ती म्हणाली. "मी आतापर्यंत नुसता 'क' लिहिला."

मावशीनं फरशीचा एक तुकडा अन् फूल तिच्या हातात दिलं. सरांनी घड्याळ बघितलं. पिंपातलं पाणी नालीत सोडलं, गाळ वेगळ्या डब्यात भरला. किल्ली पाचऐवजी सव्वापाचला गेली.

रात्रीच्या गाडीनं परत आले. आज सकाळी प्रश्नांचा कागद पुढं ओढला, तर माझ्याच हातचा प्रश्न होता: जास्वंदीच्या रसात चुना मिसळल्यास रंग कोणता? क) हिरवा. मी तो खोडला नाही. खाली एक ओळ लिहिली, घरी करून बघा. क्लासवाले ती काढून टाकतील बहुतेक.

मग मावशीचा फोन आला. गयाबाईनं सकाळी आडातून पाणी शेंदलं अन् स्वतःच कुंपणापाशी येऊन जास्वंदीचा कागद मागितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग?"

"जांभळटच राहिला. तिनं चहा टाकलाय त्याच पाण्याचा. जाते मी."