नंदाबाईच्या चिठ्ठीवर विठाबाई

औंढ्याच्या विठाबाईला कुणी कधी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं, असं तिची धाकटी जाऊ नंदाबाई अजून सांगते. जेवायलासुद्धा ती उकिडवी बसायची, म्हणजे उठायला सोपं. वय साठीला टेकलेलं, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती लेक अपेक्षा परंदवडीला दिलेली. पण भाताची दोन खाचरं तिने कुणाला वाट्याने दिली नाहीत. साखरेचा आजार दोघी जावांना होता. नंदाबाई पथ्य पाळायची आणि दिवसभर त्याचं गाऱ्हाणं गायची. विठाबाई गोळी घ्यायची आणि वर चहात दोन चमचे साखर टाकायची. "मग गोळी कशापायी घेती मी," हे तिचं उत्तर तयार असायचं.

लावणीच्या तोंडावर गावची आशाताई कोमल दोघींना चिठ्ठ्या देऊन गेली. लोणावळ्याच्या एका दवाखान्यात साखरेच्या जुन्या रोग्यांच्या हृदयाचा स्कॅन फुकट काढणार होते. कोमलने ओट्यावर बसून नीट समजावलं. साखरेने आतल्या नसा बधिर होतात, मग हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून चुना साठून बुजत आल्या तरी छातीत दुखेलच असं नाही. म्हणून आधीच यंत्रातून बघायचं. विठाबाईने मान डोलावली आणि कोमलला भाकरी बांधून दिली. डोक्यात किती शिरलं, ते देव जाणे.

नंदाबाईची तारीख सोमवारची होती, विठाबाईची पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची. आणि नेमकी त्याच सोमवारी नंदाबाईच्या खाचरात सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्या बायका तुझ्या शेतात लावणीला, उद्या सगळ्या माझ्या. पंधरा बायका चिखलात आणि घरधनीण लोणावळ्यात, हे औंढ्यात कुणी खपवून घेतलं नसतं.

"तुझ्या चिठ्ठीवर मी जाती," विठाबाई म्हणाली. "माझ्या गुरवारी तू जा."

"आक्का, ते चालंल का?"

"सावडीत कुणी नाव इचारतं का? घरातलं एक माणूस आलं की झालं."

नंदाबाईला ते पटलं. पस्तीस वर्षं दोघींनी एकमेकींची कामं अशीच उरकली होती. विठाबाई सकाळी गेली, नंदाबाई होऊन यंत्रात झोपली आणि अकराला परत येऊन चिखलात उतरलीसुद्धा. "श्वास धराय लावत्यात निस्ता," ती नंदाबाईच्या कानात म्हणाली, आणि दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसल्या.

शुक्रवारी कोमलचा फोन आला. "नंदाकाकी, तुमचा रिपोर्ट चांगला न्हाई. रक्तवाहिन्यांत लय चुना साठलाय. उद्याच मोठ्या डॉक्टरांना दाखवू. शेतात अजिबात जायचं न्हाई."

तो रिपोर्ट कुणाचा, हे फक्त दोघींना ठाऊक होतं. नंदाबाई तशीच शेजारच्या दारात गेली आणि तिने कोमलचा शब्द न् शब्द विठाबाईला सांगितला.

"मंगळवारी माझी सावड हाय," विठाबाई म्हणाली. "बायका माझ्या शेतात, आन मी दवाखान्यात? बुधवारी दोघी जाऊ, कोमलला खरं काय ते सांगू. तवर अपेक्षाला कळू द्यायचं न्हाई. दिवस गेलेत तिला, पळत येईल. माझी शपथ हाय तुला."

"कुटं दुखतंय का, आक्का?"

"कुटंबी न्हाई. ही बघ." तिने भरलेला हंडा उचलून डोक्यावर घेतला.

इथे नंदाबाई चुकली, आणि हे ती स्वतःच सांगते. दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजू नका, हे कोमल ओट्यावर बसून सांगून गेली होती. पण हंडा घेऊन ताठ उभ्या राहिलेल्या बाईसमोर ते आठवतं कुणाला? शिवाय मनात भीती होती. अदलाबदल उघड झाली तर कोमल चार शब्द सुनावेल, आणि गुरुवारी आपल्याला कुणी यंत्राजवळ उभं करणार नाही. चार दिवसांत काय बिघडतंय, असं म्हणून ती गप्प बसली. कोमलला तिने पाहुण्यांचं कारण सांगितलं.

मंगळवारी दुपार कलली तेव्हा शेवटची मूठ लावून विठाबाई बांधावर बसली. तिला बसलेली बघूनच नंदाबाई चिखलातून धावत तिच्याजवळ आली.

"दम लागलाय गं जरा," विठाबाई म्हणाली. चेहरा पांढराफटक पडला होता, लुगडं घामाने भिजलं होतं. छातीत दुखतंय का, असं नंदाबाईने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि नंदाबाईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बायकांनी तिला जीपमध्ये घातलं, पण जीप रस्त्याला लागेपर्यंत विठाबाई गेली होती.

दहाव्याला कोमल भेटायला आली, तेव्हा अपेक्षा आणि नंदाबाई ओट्यावर होत्या. "दोन दिवसांनी त्यांची तपासणी होती गं," कोमल अपेक्षाला म्हणाली. "आदी झाली असती तर वाचल्या असत्या." मग ती नंदाबाईकडे वळली. "आन काकी, तुमचा एवढा वाईट रिपोर्ट येऊन तुमी अजून गेला न्हाई."

अपेक्षाने नंदाबाईचा हात धरला. "आईचं कुणाला कळलंच नाही. तुमचं तरी वेळेत कळलंय. उद्या मी नेते तुम्हाला. आता तुम्हीच आहात मला, काकी."

गप्प राहणं सोपं होतं. कागदावर नाव नंदाबाईचंच होतं आणि जी सांगू शकली असती ती राहिली नव्हती. पण पोरीची ती माया नंदाबाईला घेववेना.

"तो रिपोर्ट तुझ्या आईचा हाय," ती म्हणाली, आणि मग चिठ्ठीपासून शपथेपर्यंत सगळं सांगितलं.

अपेक्षाने विचारलं, "शुक्रवारी तुम्हाला कळलं. आणि मंगळवारी तुम्ही तिच्या शेजारी लावणी करत होता?"

"व्हय."

अपेक्षाने हात काढून घेतला आणि ती उठून आत गेली.