स्वीकाराची सही

माझ्या आत्याला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिनं लग्न केलं नाही. शहापुरातल्या आमच्या बोळात चाळीस वर्षं माग चालवला, साड्या विणल्या, मला शिकवलं आणि स्वतःच्या कमाईवर पिरनवाडीत दोन गुंठे जागा घेतली. तिथं एक खोली बांधून ती आता एकटीच, पण मजेत राहते. मी अनगोळच्या एका शाळेत शिकवते. रविवार आला की तिच्याकडं जाते.

अशाच एका रविवारी तिनं वहीतून फाडलेला कागद माझ्यापुढं ठेवला. त्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : ही जागा आणि खोली मी माझ्या भाचीला दिली. खाली सही.

"आक्का, अशानं जागा माझी होत न्हाय," मी म्हटलं.

"का गं? जागा माझी, सही माझी. आणिक काय पायजे?"

आणखी काय पाहिजे, ते मलाही धड ठाऊक नव्हतं. शिवाय जागा नको म्हणून मी खूप सांगून बघितलं, पण ती ऐकेना. शेवटी आम्ही दोघी रजिस्ट्रार कचेरीसमोरच्या एका बाँड रायटरकडं गेलो. खरेदीपत्रं, बक्षीसपत्रं लिहिण्यात केस पांढरे झालेला माणूस. त्यांनी वहीचा कागद शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून परत दिला.

"आक्का, मन कळलं, पण कायद्याला एवढं पुरत न्हाय. बक्षीसपत्र करायचं. मुद्रांक शुल्क भरायचं, जागेच्या चारी बाजूंना काय हाय ते लिहायचं. दोन साक्षीदारांसमोर तुम्ही सही करायची, त्यांनीबी करायची. मग आत साहेबांसमोर नोंदणी."

"साक्षीदार म्हणून हीच चालंल की," आक्कानं माझ्याकडं बोट केलं.

"जिला मिळणार तीच साक्षीदार कशी?"

आक्कानं थोडा विचार केला. "व्हय, बरोबर हाय. आपली साडी आपणच चांगली म्हणून काय उपयोग."

पुढच्या खेपेला तिनं बोळातले जुने शेजारी आणले, एक विणकर आणि त्यांची बायको. दोघंही लग्नाला निघाल्यासारखे नटून आले होते. कचेरीचा कारभार कन्नडमध्ये, म्हणून दस्तही कन्नडमध्येच टाईप झाला होता. निम्मी गिऱ्हाइकं कन्नड असल्यानं आक्का कन्नड फाडफाड बोलते, पण वाचता येत नाही. म्हणून तिनं बाँड रायटरना ओळ न् ओळ मोठ्यानं वाचायला लावली. चतुःसीमेपाशी तिनं हात वर केला.

"थांबा. रस्ता उगवतीला न्हाय, मावळतीला हाय. सकाळचं ऊन माझ्या परसात येतंय, दारात न्हाय."

बाँड रायटरनी जुनं खरेदीपत्र काढून पाहिलं. टायपिस्टनं दिशांची अदलाबदल केली होती. "एवढं कान देऊन ऐकणारं माणूस लई दिवसांनी आलं," ते म्हणाले. आक्का खूश.

मग त्यांनी सुचवलं, "तुम्ही हयात असेपर्यंत तिथं राहायचा हक्क तुमचा, असं एक कलम घालूया."

"नको. दिलं म्हंजे दिलं. त्यात पुन्हा आपला पाय कशाला?"

"घाला," मी म्हटलं.

"घालू नका."

आमची तिथंच जुंपली. साक्षीदार बाई हसू दाबायला पदर तोंडाशी नेऊ लागल्या. मी बाँड रायटरना विचारलं, "मी घेतच न्हाय म्हटलं तर?"

"घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतंय," ते म्हणाले. "स्वीकार न्हाय तर बक्षीस झालंच न्हाय."

"मग कलम घातल्याशिवाय मी स्वीकारत न्हाय."

आक्का माझ्याकडं बघतच राहिली. तिच्यापुढं माझं 'नाही' आजवर कधी टिकलं नव्हतं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "शिकवली ती वाया गेली न्हाय," ती साक्षीदारांना म्हणाली. "घाला बाबा ते कलम."

नोंदणीच्या दिवशी सब-रजिस्ट्रार साहेबांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, स्वखुशीनं देताय ना, कुणी जबरदस्ती तर केली नाही? त्यावर आक्का कन्नडमध्ये एवढं बोलली, माझ्या जन्मापासून पाचवीच्या पाढ्यांपर्यंत, की साहेबांनीच हात जोडले. फोटो काढताना ऑपरेटर म्हणाला, हसू नका. तिला जमेना. तिसऱ्यांदा एकदाचा फोटो आला, तोही हसराच.

मग साहेब माझ्याकडं वळले. तुम्हाला मान्य आहे का? बाँड रायटरकडं एवढं भांडलेली मी, आता आक्काच्या हसऱ्या फोटोकडंच बघत बसले.

"बोल की गं, साहेब थांबलेत," आक्का हळूच म्हणाली.

"मान्य आहे," मी म्हटलं आणि सही केली.

बाहेर येऊन आम्ही चौघांनी चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं, मिरचीसकट. साक्षीदार काकांना ठसका लागला, तरी त्यांनी दुसरी प्लेट मागवली.

काही आठवड्यांनी खाता, म्हणजे सरकारदरबारची मालकीची नोंद, माझ्या नावावर झाला. त्या रविवारी आक्कानं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मालकीणबाई, भिंतींना कुठला रंग लावायचा?"

"तुला आवडंल तो."

तिनं आंबा रंग निवडला. आता बस वळणावर आली की खोली लांबूनच दिसते.