पॅड कोण धरतं?

वजनं उचलल्याने बॉक्सिंग सुधारतं का, हा प्रश्न आमच्या घरात पोह्यांबरोबर आला. मुलगी सतरा वर्षांची. वर्षभर चंदनसारच्या एका हॉलमध्ये बॉक्सिंग शिकत होती आणि जिल्ह्याची निवड चाचणी दहा आठवड्यांवर आली होती. "बाकीच्या मुली जिमला जातात," ती म्हणाली. "मी पण जाऊ का?"

मला कोणी प्रश्न विचारला की मी वाचायला बसतो. दोष जुना आहे. चार दिवस वाचून एवढंच कळलं, की निम्म्या जगाच्या मते वजनांमुळे बॉक्सर मंद होतो आणि उरलेल्या निम्म्याच्या मते वजनांशिवाय तो बॉक्सरच होत नाही. फोटो मात्र दोन्ही पक्षांचे सारखेच, हाताची घडी आणि अंगात बनियनही नाही.

तिचे सर साठीचे, काटकुळे, गास गावाहून स्कूटरवर येणारे. त्यांना विचारलं. "ठोसा पायातून येतो, वजनातून नाय," ते म्हणाले. "पन दमल्यावर हात खाली पडू नये, तेवढ्यापुरती उचलू दे. आठवड्यातून दोन दिवस, हलकी." माझा चार दिवसांचा अभ्यास त्यांनी स्कूटर स्टँडला लावता लावता संपवला.

जिमच्या दारावर 'आठ आठवड्यांत नवे तुम्ही' अशी पाटी होती. जुन्या तुम्हाला कुठे ठेवायचं, ते लिहिलं नव्हतं. ट्रेनरने तिला दोन दिवसांचे व्यायाम लिहून दिले, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिचं होईल हो काका. तुमचं काय?"

मी हसून विषय टाळला. माझं काम वेगळं होतं. रोज सकाळी सहाला आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, मी तिच्यासमोर पॅड धरायचो. पॅड म्हणजे पंजात घालायच्या जाड गाद्या. तिने त्यांवर ठोसे मारायचे आणि मी झेलायचे. सरांकडे बारा मुलं आणि हात दोन, त्यामुळे जास्तीच्या सरावाला घरचंच माणूस हवं होतं. मी आयुष्यभर फायली धरल्या आहेत. म्हटलं, हेही धरू.

पहिल्या दोन आठवड्यांत उजव्या खांद्यातून कळ यायला लागली. मी कोणाला सांगितलं नाही, फक्त चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागलो.

"अहो, डावखुरे कधीपासून झालात?" बायकोने विचारलं.

"मेंदूला व्यायाम होतो म्हणे."

 मुलगी कपाकडे बघत राहिली.

तिसऱ्या आठवड्यापासून माझी प्रगती झाली. ठोसे अलगद झेलता येऊ लागले, कळ कमी झाली, सकाळी सुखाच्या झाल्या. ऑफिसात मी लोकांना पॅड धरण्याचं तंत्र समजावलं: मनगट ताठ, कोपर किंचित सैल, नजर समोरच्याच्या खांद्यावर. एकाने उभं राहून करूनही पाहिलं.

पाचव्या आठवड्यात सरांनी मला हॉलवर बोलावलं. ती दुसऱ्या एका मुलीशी खेळत होती. पाय चपळ, अंदाज अचूक. पण ठोसा जायचा, टेकायचा आणि परत यायचा, झोपलेल्या बाळाला ताप आहे का ते बघून आल्यासारखा.

"ताकद वाढली आहे तिची," सर म्हणाले. "पन शेवटचं चार बोटं अंतर उरलं की हात थांबवते. महिन्यापूर्वी अशी नव्हती. घरी पॅड कोन धरतं?"

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"मग बरोबर. बापाला लागू नये म्हनून शिकली, आता हाताला तीच सवय लागली. चाचणीत अशी खेळली तर पयल्या लढतीतच घरी. तुम्ही पॅड सोडा."

परतताना रिक्षात मी विषय काढला. ती बाहेर बघत म्हणाली, "तू कप डाव्या हाताने धरत होतास."

माझं तंत्र, सैल कोपर, ऑफिसातलं व्याख्यान, सगळं त्या रिक्षातच उतरलं.

"मग सोडतो पॅड," मी म्हटलं.

"नको ना बाबा. तू समोर असलास की बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी जिमच्या पायऱ्या चढलो. ट्रेनर हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

"किती आठवडे आहेत, काका?"

"पाच. त्यातही शेवटचे दहा दिवस मला पॅड धरायचे आहेत."

"मग नवे तुम्ही नाय होणार. फार तर खांदा होईल."

"खांदाच हवाय."

एवढ्या दिवसांत माणूस सुडौल होतो का, याचं उत्तर मी अनुभवाने देऊ शकतो. नाही. पोट होतं तिथेच राहिलं, आरशात माझ्याआधी तेच यायचं. मी रबरी पट्टे ओढले, हलके डंबेल उचलले, खाली ठेवले, पुन्हा उचलले. सकाळी गच्चीवर ती हवेत ठोसे मारायची आणि मी कठड्याला टेकून बघायचो. हळूहळू एवढंच झालं, की वरच्या फळीवरचा डबा काढताना तोंडातून आवाज येईनासा झाला.

चाचणीच्या दहा दिवस आधी मी पुन्हा पॅड चढवले.

"मार."

तिने टेकवला.

"ताप नाही मला. मार."

"लागेल तुला."

"लागू दे. हाफ पँट घालून इतके दिवस आरशासमोर उभा राहिलोय. ते वाया घालवू नकोस."

ती हसली आणि हसता हसताच तिने मारला. खालच्या मजल्यावरून कोणीतरी "काय पडलं?" म्हणून विचारलं. मी अर्धं पाऊल मागे गेलो होतो. ते पुन्हा पुढे आणलं.

"परत," मी म्हटलं.

चाचणीत ती पहिली लढत जिंकली, दुसरी गुणांवर हरली. सर म्हणाले, "हात थांबला नाय." यापेक्षा जास्त कौतुक ते करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती भुवईवर सूज घेऊन उशिरा उठली. चहा आला. ती पुन्हा माझ्या कपाकडे बघत होती. मी तो उजव्या हाताने उचलला, गरजेपेक्षा जरा जास्तच उंच. थोडा बशीत सांडला.

"उद्या सहाला?" ती म्हणाली.