गादी दाबून बघतात, पडून नाही

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी पेडगावच्या एका कुटुंबाने आमच्या दुकानातली सर्वांत महाग गादी पसंत केली. पसंत सासऱ्यांनी केली, दुजोरा नवऱ्याने दिला. जिला त्या गादीवर झोपायचं होतं, ती सून दाराजवळच्या खांबाला धरून उभी होती. तिने गादीला हातही लावला नव्हता.

मी परभणीत गाद्यांच्या दुकानात मॅनेजर आहे. माल दाखवणं, डिलिव्हरी लावणं आणि नंतरच्या तक्रारी ऐकणं ही माझी कामं. बिल आणि गल्ला सेठकडे. तक्रारी माझ्याकडे येतात, म्हणून विक्रीच्या वेळी मी जरा जास्त प्रश्न विचारतो. सेठला ते आवडत नाही.

सासऱ्यांचं नाव विश्वनाथअप्पा. पेडगावात किराणा दुकान, थोडी शेती. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा. मुलगा महेश त्यांच्याबरोबर दुकान बघतो. सून राजश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिच्या मणक्यातली गादी सरकली होती. डाव्या पायात मुंग्या येत, रात्री तासाभराच्या वर झोप लागत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या, व्यायाम आणि कडक गादी सांगितली होती. शाळा उघडेपर्यंत फरक पडला नाही तर ऑपरेशनचं बघू, असंही सांगितलं होतं. एवढी माहिती मला महेशने दिली. अप्पांनी वेगळी दिली.

"हिच्या बापानं फोन केलता गंगाखेडहून," अप्पा म्हणाले. "म्हणे, गादीचे पैसे मी पाठवतो. मी काय मेलोय का? दाखवा तुमची सगळ्यात भारी गादी."

म्हणजे किती खर्च करायचा, हे दुकानात यायच्या आधीच ठरलं होतं. ते सुनेच्या कमरेवरून नव्हे, व्याह्यांच्या फोनवरून ठरलं होतं.

मी आठ इंची मेमरी फोम दाखवली. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि शरीराचा आकार घेतो. दाबून हात काढला तर पंजाचा ठसा काही क्षण तसाच राहतो. अप्पांनी पंजा दाबला. ठसा बघितला. पुन्हा दाबला.

"लोण्यावानी हाय," ते म्हणाले. "केवढ्याला?"

"अडतीस हजार."

"बांधा."

आमच्या भागात गादी अशीच घेतात. पुरुष पंजाने दाबतात, फार तर काठावर बसून दोनदा हलतात. बाया कापडाचा रंग बघतात. आडवं कोणी पडत नाही. दुकानाला समोरून काच, बाहेर रस्ता, रस्त्यावर ओळखीचे लोक. सासऱ्यासमोर सून आडवी पडणं तर दूरच, कित्येक घरांत ती खुर्चीतही बसत नाही. पण हाताने दाबून फक्त गादीचा वरचा थर कळतो. माणूस झोपला की वजन खांद्यावर आणि कंबरेच्या हाडावर येतं. तिथे गादी किती खचते आणि कंबरेच्या पोकळीला आधार मिळतो का, हे पडल्याशिवाय समजत नाही.

"मॅडमनी एकदा पडून बघितलं पाहिजे," मी म्हणालो.

महेशने मोबाईल काढला.

"इथं?" अप्पा म्हणाले. "ह्या काचंपुढं?"

"नको," राजश्री दारातूनच म्हणाली. "चांगलीच असंल."

"मी बघतो की पडून," महेश म्हणाला. बूट काढून तो मेमरी फोमवर उताणा झाला. ऐंशी किलोच्या आसपास वजनाचा धडधाकट माणूस. "एक नंबर," तो म्हणाला. डोळेही मिटले.

"ऊठ," अप्पा म्हणाले. "तुझी कंबर चांगली हाय."

सेठने मला गल्ल्याजवळ बोलावलं. आवाज खाली करून म्हणाला, "गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने महाग मागतंय. तू मध्ये कामून पडायलास?"

"परत आली तर?"

"परत कशी येईल? प्लास्टिक फाडलं की कंपनी घेत नाही. आपण पण नाही."

"गादी येत नाही. माणसं येतात."

सेठने बिलबुक ओढलं. अप्पांनी खिशात हात घातला.

तोपर्यंत एक बाई या सगळ्यात नव्हत्या. अप्पांच्या पत्नी शांताबाई पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पदराने वारा घेत होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"भाऊ, न्हाई झेपली तर परत घेता का?"

"प्लास्टिक काढल्यावर नाही घेता येत, मावशी."

"मंग आमी काय करायचं तिचं? पापड वाळवायचे का?"

त्या उठल्या, चपला काढल्या, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि सरळ मेमरी फोमवर आडव्या झाल्या. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबला. अप्पा म्हणाले, "अगं, काय करायलीस? लोक बघायलेत!"

"बघू द्या. माझं लगीन व्हायचं राह्यलं न्हाई आता."

त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पुन्हा केला. फोमने त्यांना धरून ठेवलं होतं. खांदा वर येत होता, कंबर खालीच राहत होती.

"अगं माय," त्या छताकडे बघत म्हणाल्या, "ही तर सोडंना. रातच्याला कूस बदलायची तर दोन माणसं बोलवायची का? महेश, वढ मला."

महेशने हात दिला. उठल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे वळल्या.

"तुमी दोघं चहा पिऊन या."

"चहा झालाय."

"मंग अजून एक प्या. सेठजी, तुमी बी जा."

अप्पा आणि महेश बाहेर पडले. सेठ म्हणाला, गल्ला सोडून जाता येणार नाही. शांताबाई म्हणाल्या, मग तोंड तिकडं करा. सेठने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पेपर उघडला. त्या कोपऱ्याला पंख्याचं वारं लागत नाही.

मी दोन डबलबेडच्या गाद्या आडव्या कडेवर उभ्या केल्या आणि एकमेकींना टेकवून काचेच्या बाजूने आडोसा केला. जागा मोकळी करायला आम्ही गाद्या अशा उभ्या करतोच. त्यांच्यामागे माणूस लपवायची वेळ पहिल्यांदाच आली. आत एक रिकामा पलंग ठेवला. राजश्री आणि शांताबाई आत गेल्या. मी बाहेर थांबलो. पुढचं सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. एक गादी झाली की त्या दोघी बाजूला होत, मी आत जाऊन दुसरी टाकून बाहेर येई.

डॉक्टरांनी कडक सांगितलं होतं, म्हणून मी पहिल्यांदा कॉयरची टाकली. कॉयर म्हणजे नारळाच्या काथ्याचा दाबून केलेला थर. इकडे पाठदुखी म्हटलं की कॉयर, हा ठरलेला हिशोब. माझाही तोच होता.

"मावशी," मी गादीपलीकडून म्हणालो, "मॅडमच्या कंबरेखालून हात घालून बघा. जातो का?"

"जातोय की. दोन्ही बी जातील."

"मॅडम, कसं वाटतंय?"

"हाडं रुतायलीत," आतून आवाज आला. "आणि पाय ओढल्यासारखा होतोय."

म्हणजे गादी इतकी कडक होती की कंबर अधांतरी राहिली होती. माझा अंदाज चुकला. कंबरेखालून हात सहज गेला तर गादी जास्त कडक. हात शिरलाच नाही तर जास्त मऊ. थोडं अडखळत गेला तर बरोबर. डॉक्टर कडक म्हणतात तेव्हा त्यांना खचणार नाही अशी गादी हवी असते, फरशी नव्हे. हे मला माहीत होतं. तरी मी कॉयर टाकली होती.

दुसरी रिबॉन्डेड फोमची टाकली. फोमचे बारीक तुकडे दाबून, चिकटवून केलेली ही गादी. वजनदार, घट्ट, दिसायला साधी. वर इंचभर मऊ फोमचा थर.

"जातो का हात?"

"जातोय… थांबा… अडकायलाय जरा. घासून गेला."

"मॅडम, आता कुशीवर वळा."

गादीचा आवाज झाला.

"पायात मुंग्या?"

"हायेत," राजश्री म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण ओढत नाही."

मी त्यांना घाई करू नका म्हणालो. निदान दहा-पंधरा मिनिटं तसंच पडून राहायचं, घरी झोपता त्याच कुशीवर. दुकानात एक जोडपं आलं. त्यांना मी दारातच उशा दाखवल्या. सेठ भिंतीकडे बघत म्हणाला, "अजून किती?"

जरा वेळाने अप्पा आणि महेश परत आले. अप्पांनी दारातूनच आवाज चढवला, "झालं का न्हाई अजून?"

आडोशाच्या वरून शांताबाईंचं डोकं दिसलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपली," त्या कुजबुजल्या.

"काय?"

"झोपली म्हणते न्हाई का! घोरायली. चपला वाजवू नका."

सेठ खुर्चीसकट वळला. "हे काय लॉज हाय का?"

"सेठजी," शांताबाई तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "ही पोरगी शिवरात्रीपासून रातच्याला भिंतीला टेकून बसती. मी बाजूच्या खोलीत ऐकती. तिला उठवायचं आसंल तर तुमी उठवा."

सेठने उठवलं नाही. पुढचं बोलणं आम्ही सगळ्यांनी दाराबाहेर पायरीवर केलं.

अप्पांनी त्या गादीची किंमत विचारली. मी अकरा हजार सांगितली. ते नाराज झाले.

"एवढ्या हलक्यात? सोयरा काय म्हणंल? सुनेला गादी घेतली ती बी सस्ती."

"सोयरा चादर उचकून बघणार हाय का?" शांताबाई म्हणाल्या. त्या आतून मागोमाग आल्या होत्या.

"इचारंल ना! गंगाखेडचा माणूस हाय, इचारल्याबिगर ऱ्हाईल का?"

मी विचारलं, "घरी गादीखाली काय आहे?"

"लोखंडी पलंग," महेश म्हणाला. "पट्ट्यांचा."

"मध्ये झोळ पडलाय?"

"थोडा."

"थोडा?" शांताबाई म्हणाल्या. "पाळणा झालाय त्याचा. मधी ठेवलेला नारळ गडगडत न्हाई, तिथंच बसतो."

मी त्यांना सांगितलं की झोळ पडलेल्या पलंगावर कोणतीही गादी झोळच घेते. अकरा हजारांची असो नाहीतर अडतीस हजारांची. खाली सपाट फळी पाहिजे, आणि पलंगाची उंची गुडघ्याइतकी, म्हणजे उठताना कंबरेवर जोर येत नाही. गादीने मणका बरा होतो असं मी कोणाला सांगत नाही. अप्पांनाही सांगितलं नाही.



"सागवानी पलंग केला तर?" अप्पांनी विचारलं.

"चालेल."

"पलंग दिसतो," अप्पा म्हणाले. "गादी कुठं दिसती?"

आम्ही पलंग विकत नाही. पलंगाचे पैसे पेडगावच्या सुताराकडे गेले. सेठ त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलला.

राजश्री उठली तेव्हा उन्हं कलली होती. आपण कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. मग ती घाईने पदर सावरत बाहेर आली आणि सासूला म्हणाली, "आत्या, उठवायचं तर होतं." इकडे सुना सासूला आत्या म्हणतात.

"कामून? कुठं जायचं होतं?" शांताबाई म्हणाल्या.

पलंग व्हायला वेळ लागला. तो झाल्याचा फोन आला त्या आठवड्यात मी गादी घेऊन पेडगावला गेलो. खोलीत नवा पलंग, नक्षीचं डोकं, पॉलिशचा वास. गादी टाकली. मी प्लास्टिक काढायला लागलो तेव्हा अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. रविवारी सोयरा येणार हाय. नवी दिसली पाहिजे."

प्लास्टिकवर झोपलं की घाम सुटतो, अंग घसरतं, आणि घसरू नये म्हणून माणूस रात्रभर पाठ आवळून झोपतो. मी हे सांगत होतो. शांताबाई स्वयंपाकघरात गेल्या, विळा घेऊन आल्या आणि प्लास्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरलं.

"आता घेता का परत?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

रविवारी व्याही आले. त्यांनी पलंगाचं लाकूड हाताने ठोकून बघितलं आणि सुताराचं नाव विचारलं. गादीची किंमत विचारली नाही. हे महेशने मला नंतर सांगितलं. तो उशा न्यायला आला होता.

त्यानेच आणखी दोन गोष्टी सांगितल्या. शाळा उघडली त्या दिवशी राजश्री हजर झाली. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आहे. रद्द केलेलं नाही.