दहावं मूल

ओलिंकाने तेच पातेलं पुन्हा पुसलं. उद्या शाळेत पटमोजणी आणि आज दुपारच्या विमानाने तिची लेक नेडा पोरीला घेऊन शहरात निघालेली. तिला तिथल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. पोर गेली की पटावर उरणार नऊ मुलं, आणि दहाच्या खालचे आकडे अलास्काच्या सरकारला दिसतच नाहीत. कुस्कोक्विम नदीकाठच्या या शाळेला टाळं लागणार.

ओलिंका शाळेची स्वयंपाकीण. तिच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती. तिला विमानात बसवून दूरच्या वसतिगृहात धाडलं, तेव्हा आई काठावर पाठ फिरवून उभी होती. त्या पाठीचा राग ओलिंकाने अजून सोडला नव्हता.

"मोजणी तेवढी होऊ दे की गं!" ती नेडाच्या मागे लागली.

"नोकरी थांबते होय? मला काय सांगतेस, तुझ्या आईलाच विचार."

हा टोमणा नव्हता. नातीला ओलिंकाच्या वारलेल्या आईचं नाव दिलं होतं, पनिग्वाक. नाव आलं की गेलेलं माणूस परत आलं, असंच त्या गावात मानतात. सात वर्षांच्या त्या पोरीला ओलिंका आईच म्हणे, माशाचा पहिला तुकडा तिच्यापुढे ठेवी. आता आईला हुकूम कसा सोडायचा? विनवायचं, एवढंच हाती.

धावपट्टीच्या कडेला पोर वाळका मासा चघळत होती.

"आई, राहतेस माझ्यापाशी? शाळेसाठी?"

"आणि नेडा एकटीच जाणार?" पोरीने मासा खाली धरला. "बरं, राहते. पण ती विमानात चढेल ना, तेव्हा मी तिकडे तोंड करणार नाही. मला रडताना बघितलं तर ती जायचीच नाही."

ओलिंकाला काठावरची आई आठवली. म्हणून पाठ फिरवली होती तर! आणि आपण जन्मभर राग धरून बसलो.

"नको, आई. तू जा तिच्याबरोबर. जा लवकर."

सामान चढवणारा इव्हॉन करवादला, "बुडवलीस ना शाळा, बये?"

"ठाऊक आहे मला."

विमान हललं. ओलिंकाचे गाल भिजले होते, तरी तिने तोंड विमानाकडेच ठेवलं. खिडकीतून आई हात हलवत होती.